मंगलाष्टकांनंतरचा सिनेमा

सिनेमाला गेलेल्या माणसाने पडद्याकडे पाहावे हे खरे. पण ज्याची उभी नोकरी वर्गात गेली, त्याचे डोळे समोरच्या बाकांवर जातातच. नाटक असो, कीर्तन असो, गल्लीतला ऑर्केस्ट्रा असो, मी निम्मा वेळ प्रेक्षकांकडे बघत असतो. कोण कुठे हसला, कोणाला हसू आलेच नाही, कोणी हसून झाल्यावर शेजारच्याकडे चोरून पाहिले, यावरून माणूस जेवढा कळतो तेवढा तो उत्तरपत्रिकेवरूनही कळत नाही. 'टू स्टेट्स' हा हिंदी सिनेमा मी असाच पाहिला. निम्मा पडद्यावर आणि निम्मा आमच्या घरच्यांच्या तोंडावर.

हा सिनेमा १८ एप्रिल २०१४ रोजी लागला आणि पुढच्याच आठवड्यात आम्ही अकरा माणसे एक ट्रॅक्स ठरवून निपाणीहून कोल्हापूरला गेलो. सीमाभागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे, की निपाणी कर्नाटकात असली तरी कोल्हापूर आम्हाला चाळीस किलोमीटर आणि जिल्ह्याचे ठाणे बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. सातबाराचे काम बेळगावकडे. सिनेमा, मोठा दवाखाना आणि लग्नाचा बस्ता कोल्हापूरकडे. १९५६ साली नकाशावर रेघ ओढणाऱ्यांना बस्त्याचा विचार सुचला नसावा. असो. तिकिटे काढली होती माझ्या भाचीने. ती तेव्हा पुण्यात नोकरीला होती आणि सुट्टीला आली होती. पहिल्या पगाराची मेजवानी म्हणून आईवडील, मामा-मामी, आजी, चुलत भावंडे, सगळ्यांना एकाच रांगेत बसवून तिने हाच सिनेमा का दाखवला, हे आम्हाला पुढे आठ महिन्यांनी कळले.

गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. चेतन भगत यांची त्याच नावाची इंग्रजी कादंबरी २००९ साली आली होती आणि तिला त्यांच्या स्वतःच्या लग्नाचा आधार होता. अभिषेक वर्मन यांनी तिचा सिनेमा केला. अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेत शिकणारा दिल्लीचा पंजाबी क्रिश आणि चेन्नईची तमिळ ब्राह्मण अनन्या. अर्जुन कपूर आणि आलिया भट. पळून जायचे नाही, दोन्हीकडच्या आईबापांनी हसतमुखाने अक्षता टाकल्या तरच लग्न करायचे, असा त्यांचा पण. मग मुलगा चेन्नईत नोकरी पत्करून तिच्या घरच्यांची मने जिंकू पाहतो, मुलगी दिल्लीत त्याच्या आईची. मुलाची आई अमृता सिंग, मुलीची आई रेवती.

आमच्या रांगेत पहिली फूट पडली ती अमृता सिंगवरून. मद्रासी मुली आमच्या गोऱ्यागोमट्या पोरांना जाळ्यात ओढतात, अशा अर्थाचे ती काही बोलते, तेव्हा पोरांच्या बाजूने हास्याचा स्फोट झाला. माझी धाकटी बहीण मात्र हसली नाही. मध्यंतरात बटाटेवडा हातात तसाच ठेवून म्हणाली, "त्या बाईला उगाच येडी करून टाकलीय. नवरा तसला, सगळं आयुष्य जाळलं तिनं एका पोरासाठी. ती बोलणारच की." तिच्या यजमानांचे मत उलटे: बाई तोंडाळ आहे, पण पोराने तिला आधीच सगळे सांगायला हवे होते. माझी पत्नी म्हणाली, की मुलीच्या आईबापांचा तो थंडपणा जास्त खोटा. घरी पाहुणा आल्यावर इतके गप्प बसणारे लोक तिने पाहिलेले नाहीत. यावर पुतण्याने सांगितले, की तमिळ प्रेक्षकांनाही तेच खटकले आहे. तमिळ घर म्हणजे सदा गंभीर चेहरे आणि शास्त्रीय संगीत, पंजाबी घर म्हणजे पनीर आणि आरडाओरडा, हे किती दिवस चालायचे? त्याचे बरोबर होते. आदल्याच वर्षी 'चेन्नई एक्सप्रेस' येऊन गेला होता आणि त्याच्यावरही हाच आक्षेप होता. पण बहिणीचा आक्षेप निराळा होता. तिला पंजाबी माणसांची चेष्टा टोचली नाही, आईची टोचली. रांगेतली माणसे भाषेप्रमाणे विभागलेली नव्हती, नात्याप्रमाणे विभागलेली होती. ज्यांच्या घरी लग्नाची मुले होती ती एका ठिकाणी हसत होती, जी स्वतः लग्नाची होती ती दुसऱ्या ठिकाणी. हे मी त्या अंधारात पाहून ठेवले आणि पुढे ते मला फार उपयोगी पडले.

आई त्या वेळी शहात्तर वर्षांची होती. तिला हिंदी निम्मेच कळते. पण सर्वांत जास्त ती हसली आणि बाहेर आल्यावर तिने निकाल दिला: "भांडान कशाचं हुतं त्येंचं? दोघांकडं पैका हाय, दोगं बी शिकल्यालं. उगं अडीच तास घालवलं." ट्रॅक्समध्ये यावर बराच वेळ कोणाला बोलता येईना. मुलाचा बाप, ज्याच्याशी मुलगा बोलतही नाही, तो शेवटी कोणाला न सांगता एकटाच चेन्नईला जाऊन मुलीच्या आईबापांना भेटतो, तो प्रसंग मला आवडला होता. मी तसे म्हणालो. भावोजी खिडकीतून बाहेर बघत होते. कागल मागे पडले, कोगनोळीचा नाका आला, तेव्हा ते म्हणाले, "एवढं सोपं असतं व्हय?" भाची पुढच्या सीटवर होती. तिने मागे वळून पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या शिक्षकांच्या खोलीत, परीक्षेच्या कामासाठी जमलो असताना, विषय पुन्हा निघाला. आमच्याकडे कन्नड शिकवणाऱ्या सरांनी तो बेळगावात पाहिला होता. आमची शाळा मराठी माध्यमाची. पण परीक्षा कर्नाटकाची, त्यामुळे कन्नड हा विषय असतोच आणि हे सर गेली कित्येक वर्षे मराठी मुलांकडून ओत्ताक्षरे गिरवून घेत आहेत. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "सर, तो पोरगा सहा महिने चेन्नईत राहतो. तमिळ किती शिकला?"

मी आठवून पाहिले. दोन-चार शब्दांपलीकडे काही नाही. तो मुलीच्या बापाला कार्यालयातल्या कामासाठी संगणकावर मदत करतो, आईला गाण्यासाठी मंच मिळवून देतो, सगळ्यांना अंगठ्या देऊन मागणी घालतो. भाषा शिकत नाही. शिकायची गरजच पडत नाही, कारण सिनेमातले सगळे तमिळ लोक त्याच्याशी हिंदी-इंग्रजीत बोलतात. दोन राज्यांच्या नावाने निघालेल्या सिनेमात दोन भाषा भेटतच नाहीत.

सर म्हणाले, "कमल हासन शिकला होता."

१९८१ चा 'एक दूजे के लिए' आमच्या पिढीला विसरणे शक्य नाही. मी बारा वर्षांचा होतो. मला कोणी नेले नाही, थोरला चुलतभाऊ पाहून आला आणि त्याने चार रात्री गच्चीवर तो सांगितला. के. बालचंदर यांनी आपल्याच 'मरो चरित्र' या १९७८ च्या तेलुगू सिनेमावरून तो केला होता. गोव्यात शेजारी राहणारी दोन घरे, एक तमिळ आणि एक हिंदी भाषक. घरचे अट घालतात, की वर्षभर एकमेकांना भेटायचे नाही. त्या वर्षात तो तमिळ मुलगा हिंदी शिकतो. शेवट सगळ्यांना माहीत आहे; दोघेही मरतात. आता गंमत बघा. १९८१ च्या शोकांतिकेत मुलगा मुलीची भाषा शिकतो आणि मरतो. २०१४ च्या विनोदी सिनेमात काही शिकत नाही आणि सुखाने नांदतो. मधल्या तेहतीस वर्षांत आईबाप मऊ झाले, हे चांगलेच झाले. पण इंग्रजीही आली आणि तिने शिकण्याची गरज काढून घेतली. सरांना तेच सलत होते. मला त्या दिवशी ते थोडे ओढूनताणून वाटले. विनोदी सिनेमाकडून व्याकरणाची अपेक्षा कशाला?

आणखी एक विचार तेव्हा मनात आला होता, तो इथेच सांगून टाकतो. हिंदी सिनेमाला पंजाबी-तमिळ जोडी लागते, फार तर 'विकी डोनर'सारखी पंजाबी-बंगाली. मराठी-कानडी जोडी घेऊन असा विनोद कोणी का करत नाही? कारण त्या विनोदाला अनोळखीपण लागते. आमच्याकडे ते आणायचे कुठून? आमचे तूप त्यांचे 'तुप्प', आमची पुरणपोळी त्यांची 'होळिगे', अण्णा-अक्का दोन्हीकडे तेच. ज्ञानेश्वरांनी विठ्ठलाला कानडा म्हटले, तेव्हापासून देवही वाटून घेतलेला आहे. सौंदत्तीच्या यल्लम्मेला मराठी माणसे जातात, जोतिबाच्या डोंगरावर कानडी. द. रा. बेंद्रे घरात मराठी बोलत आणि कविता कन्नडमध्ये लिहीत. १९७३ चे ज्ञानपीठ त्यांना कन्नड काव्यासाठी मिळाले. माझी आई बाजारात कानडीत भाव करते आणि मराठीत शिव्या देते. अशा दोन घरांत लग्न ठरले तर चुकीच्या उच्चारावरून कोण हसणार? आम्ही एकमेकांना नको तितके ओळखतो, अडचण ती आहे.

डिसेंबरात भाचीने घरी सांगितले. मुलगा बैलहोंगलकडचा, लिंगायत, तिच्याच कंपनीत. बहीण माझ्याकडे आली आणि पहिले वाक्य बोलली ते असे: "दादा, तो सिनेमा तिनं आपल्याला मुद्दाम दाखवला." नंतर रडली. त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाले होते. भावोजींचे वडील सीमा चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. १ नोव्हेंबरला त्या घरात काळ्या फिती लावतात आणि सोयऱ्यांच्या दारात त्याच दिवशी राज्योत्सवाचा लाल-पिवळा झेंडा लागणार. शिवाय मटणाचा प्रश्न. मराठ्याच्या घरात श्रावण संपला की काय होते ते वाचकांना सांगायला नको, आणि तिकडे अंडेही वर्ज्य. सिनेमातली ब्राह्मण मुलगी कॉलेजात असतानाच कोंबडी खाते, त्यामुळे दिग्दर्शक त्या संकटातून लवकर सुटला.

होकार यायला पावणेदोन वर्षे गेली. त्यातले २०१६ चे साल विशेष वाईट, कारण एप्रिलात 'सैराट' आला आणि बहिणीने तो पाहिला. 'टू स्टेट्स' पाहून न झालेला परिणाम त्या सिनेमाने केला: ती घाबरली आणि त्या भीतीपोटी मऊ झाली. पोरगी पळून गेली तर, या एका वाक्यावर भावोजीही आले. चेन्नईला जाणाऱ्या त्या बापासारखे ते एकटेच बैलहोंगलला जाऊन आले. काय बोलणे झाले ते त्यांनी कोणालाही सांगितलेले नाही. मी विचारले तेव्हा एवढेच म्हणाले, की चहा चांगला होता.

लग्न डिसेंबर २०१६ मध्ये झाले. त्यात सिनेमावाल्यांना मिळाला नाही असा एक विनोद झाला, तो पत्रिकेचा. दोन भाषांत पत्रिका छापायची यावर एकमत. पण आधी कोणती? एकाच पानावर छापावी तर वर कोणती, घडीची छापावी तर उघडल्यावर आधी कोणती दिसेल? पाट्यांवर ६० टक्के कन्नड हवे हा कायदा पुढे २०२४ साली झाला, नाही तर तोही निकष लागला असता. निपाणीच्या छापखानेवाल्याने वाद मिटवला: वर गणपती, खाली दोन सारखे रकाने, आणि पत्रिका दोन तऱ्हेने छापल्या. आमच्या पाहुण्यांना गेलेल्या पत्रिकेत मराठी डावीकडे, त्यांच्या पाहुण्यांना गेलेल्यात कन्नड डावीकडे. खर्च आठशे रुपयांनी वाढला.

इथे सिनेमा संपतो. 'टू स्टेट्स'च्या शेवटी त्यांना जुळी मुले झाल्याचे दाखवतात आणि ती मुले कोणत्या राज्याची, या प्रश्नाचे उत्तर भारताची, असे देऊन पडदा पडतो. त्या वाक्याला कोल्हापूरच्या थिएटरात टाळ्या पडल्या होत्या. मी नव्हती वाजवली. शाळेच्या प्रवेश अर्जात 'मातृभाषा' असा एक रकाना असतो आणि तिथे 'भारत' लिहून चालत नाही, हे मला धंद्यामुळे ठाऊक होते.

योगायोग असा, की तो सिनेमा लागल्यावर बरोबर अठराव्या दिवशी, ६ मे २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटक सरकार विरुद्ध इंग्रजी शाळांच्या संस्था या खटल्याचा निकाल दिला. १९९४ साली सरकारने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतूनच किंवा कन्नडमधूनच असा आदेश काढला होता. न्यायालयाने सांगितले, की माध्यमाची सक्ती करता येणार नाही आणि मुलाची मातृभाषा कोणती हे त्याच्या आईवडिलांनी किंवा पालकांनी ठरवायचे. आम्ही मुख्याध्यापक मंडळींनी तो निकाल पटसंख्येच्या काळजीने वाचला. आता इंग्रजी शाळांना मोकळे रान, हे उघड होते आणि तसेच झाले. माझ्या शाळेत आठवीच्या तीन तुकड्या होत्या, आता एक आहे. पण आईवडिलांनी ठरवायचे, म्हणजे आईने की वडिलांनी, हा प्रश्न त्या वेळी मला पडला नव्हता. तो २०२२ साली बेळगावात, भाचीच्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत पडला.

जावई तोवर पुणे सोडून उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लागले होते, भाचीही तिथेच एका खाजगी कार्यालयात. मुलगा चार वर्षांचा. शाळा इंग्रजी माध्यमाची ठरली होती. त्याबद्दल मला कोणी विचारले नाही आणि मीही बोललो नाही. अर्ज भरायला मात्र मला बसवले. मी सवयीने भरत गेलो आणि त्या रकान्यापाशी थांबलो. भाची म्हणाली, "मामा, काय लिहायचं?"

बहीण होतीच. ती म्हणाली, मराठी लिहा. तिचा मुद्दा साधा होता. २०१५ च्या कायद्याने कर्नाटकातल्या शाळांत कन्नड शिकवावेच लागते, म्हणजे कानडी त्याला शाळेतही मिळेल, रस्त्यावरही मिळेल. मराठी कोण देणार? आणि शब्दातच 'मातृ' आहे. जावई मान हलवत होते. खरे म्हणजे त्यांना कोणतीही चालली असती.

विहीणबाई दारात उभ्या होत्या. त्या आमच्याशी मराठी बोलतात, जरा कानडी हेल काढून. मला अण्णा म्हणतात. त्यांचे माहेर जतचे हे मला ठाऊक होते, पण त्याचा अर्थ मी कधी लावला नव्हता. जत म्हणजे सांगली जिल्हा. रेघेच्या त्या बाजूला राहिलेला कानडी मुलूख, जसा इकडे आमचा मराठी. त्या म्हणाल्या, "अण्णा, माझी शाळा मराठी. सातवीपर्यंत. माझ्या नावापुढं मास्तरांनी मराठी लिहिलं होतं. वडलांना विचारलं बी नाही. घरात एक शब्द मराठी नव्हता आमच्या. मला मोठी झाल्यावर दाखल्यात दिसलं." मग जरा थांबून, "ह्याचं तरी बरोबर लिहा."

बहीण म्हणाली, "पण अक्का, तो कानडी शिकणारच आहे की."

"शिकायचं नाही म्हणत मी. कोण हाय ते लिहायचंय."

मी बरीच वर्षे असे अर्ज भरून घेतले आहेत. दोन आज्या समोर असताना तो रकाना भरण्याचा प्रसंग आला नव्हता. मुलगा आतून काहीतरी मागत होता, आजीला कानडीत आणि आईला मराठीत, एकाच वाक्यात. मला त्या क्षणी कन्नडच्या सरांची आठवण झाली. त्यांचा आक्षेप मला ओढूनताणून वाटला होता, तो असा आठ वर्षांनी दारात येऊन उभा राहिला. विहीणबाई त्या घरात एकट्याच अशा होत्या, की ज्यांनी दुसऱ्याची भाषा खरोखर शिकली होती, आणि तीही न विचारता शिकवली गेली होती.

मी पेन भाचीच्या हातात दिले. मामाने लिहायची गोष्ट नव्हे ती. तिने नवऱ्याकडे पाहिले, सासूकडे पाहिले आणि 'मराठी' लिहिले. विहीणबाई काही बोलल्या नाहीत. त्या रात्री त्या जेवायला आमच्याबरोबर बसल्या नाहीत. डोके दुखते म्हणाल्या. बहीण जिंकली होती, पण निपाणीला परत येताना गाडीत तिने तोंड उघडले नाही.

चार दिवसांनी त्यांचा मला फोन आला. मी मनाची तयारी करूनच तो घेतला. म्हणाल्या, "अण्णा, तिकडं मराठी अंकलिपी मिळते काय? इथं दुकानात सगळी इंग्लिश चित्रं हायत." मी विचारले, कशाला? "लिहिलंय ना मराठी? मग वाचायला नको काय? पोरगी येते सात वाजता. कोण शिकवणार त्याला? मलाच येतंय." आणि लगेच, "कन्नड पण मीच शिकवणार हाय. ते आधी."

मी बाजारात जाऊन अंकलिपी घेतली, दोन घेतल्या, आणि बेळगावच्या एस.टी.त ओळखीच्या माणसाकडे दिल्या. आठ दिवसांनी पुन्हा फोन. पुस्तक पोचले; पण त्यात 'ळ' नीट उठलेला नाही, पोरगं त्याला भलतंच अक्षर म्हणतंय, दुसऱ्या छापखान्याची पाठवा.